टॉवेलवाला

गेल्या रविवारपर्यंत हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. बायकोला नाही, मुलाला नाही. देवाशी माझं फारसं बोलणं नसतं, पण त्यालाही नाही. आणि रविवारी सांगितलं तेही अर्धवट — जिन्याच्या तोंडाशी, चपला घालता घालता. म्हणून आज नीट बसून सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरंच आहे. जे ओळखतात ते मला फार सज्जन माणूस समजतात.

आधी थोडं बॉक्सिंगचं बोलू का? मी टाळतोय, हे मलाही कळतंय. पण त्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

मी नारायण पेठेतला. आमच्या घरात आजवर कुणी हात उगारला असेल तर तो टाळी वाजवायला. अशा घरातला मुलगा कॅम्पातल्या बॉक्सिंगच्या हॉलमध्ये कसा गेला? शाळेत मार खायचो म्हणून गेलो. अंगाने इतका किडकिडीत, की फर्नांडिस सरांनी — फौजेतून निवृत्त झालेले आमचे प्रशिक्षक — पहिल्याच दिवशी मला वरून खालपर्यंत बघून सांगितलं, की तुला फ्लायवेटशिवाय गती नाही. फ्लायवेट म्हणजे एक्कावन्न किलोच्या आतले. तेव्हा पेपरात त्याला कुणी ‘माशी गट’ही म्हणायचं. आम्हाला राग यायचा, पण चूक काही नव्हतं.

आता कुणाला आठवणार ते फ्लायवेट? लोक यायचे ते हेवीवेटसाठी, संध्याकाळी, पानबिन खाऊन. जाणकार मात्र दुपारीच येऊन बसायचे. हलक्या वजनाच्या लढती आधी लागत ना. कॅम्पातला रुस्तम होता — डावा हात कमरेपाशी असा सोडून द्यायचा, की खिशात किल्ल्या चाचपतोय असं वाटावं. समोरचा त्या हाताकडे बघत राहायचा आणि उजवा कधी बसला ते त्याला कळायचंच नाही. फौजेतला थापा मार खाताना हसायचा. केवढी त्याची मस्ती, असं आम्ही म्हणायचो. पुढे कळलं, त्याच्या दातातलं रबर नीट बसत नव्हतं, म्हणून तोंड तसं व्हायचं. आणि मुरुगन — तोही फौजेतला, मद्रासकडचा. घंटा वाजायच्या आधी डोळे मिटून उभा राहायचा. डोळे उघडले की समोरच्याचं काही खरं नसायचं.

या तिघांना मी जवळून पाहिलंय. तिघांपेक्षाही चांगला मी एकच पाहिला. सुदाम ओव्हाळ.

सुदाम ताडीवाला रोडचा. माझ्याच वयाचा, माझ्याच उंचीचा, माझ्याच वजनाचा. हॉलमध्ये आमची जोडी लावलेली. रोज संध्याकाळी आम्ही एकमेकांना मारायचो आणि मग एकाच सायकलवर घरी जायचो. आधी तो मला लक्ष्मी रोडपर्यंत सोडायचा, मग स्वतः उलटा जायचा. पाय असे, की रिंगमध्ये आवाज यायचा नाही. तुम्ही ठोसा मारावा आणि तिथे तो नसावाच. मी त्याच्याशी शेकडो वेळा खेळलो असेन. खरं सांगायचं तर एकदाही जिंकलो नाही. तो कधीकधी मला जिंकू द्यायचा, ते वेगळं.

त्याच्या घरी मी कितीदा तरी जेवलो. त्याची आई मला पहिली वाढायची. माझ्या घरी तो आला की त्याला चहा मिळायचा — कान तुटलेल्या कपात. तो कप दुसऱ्या कुणाला मिळत नसे. सुदामच्या ते लक्षात आलं होतं का? आलंच असणार. त्याच्या काय लक्षात यायचं आणि काय नाही, याचा अंदाज मला फार उशिरा आला.

आता वजनाचं सांगतो.

लढतीच्या दिवशी सकाळी वजन व्हायचं. तेव्हा धान्याच्या गोदामात असतो तसला मोठा काटा असे — खाली लोखंडी पाट, समोर दांडी, दांडीवर सरकवायचं वजन. पंच पुढे बसून दांडीकडे बघायचा. दांडी वर टेकली की तुम्ही जास्त भरलात. जास्त भरलात तर एक तास मिळायचा — पळा, थुंका, घाम काढा, काय वाटेल ते करा. तासाभरानेही दांडी खाली आली नाही तर बाद, आणि तुमच्या जागी राखीव खेळणार.

फ्लायवेटचं सगळं आयुष्य या दांडीवर असायचं. आम्ही आदल्या दिवशी पाणी बंद करायचो. केस कापायचो. चिंच चघळायचो, तोंडाला सुटलेलं पाणी डब्यात थुंकायचो. आणि काट्यावर चढताना अंगावर लंगोटही ठेवायचो नाही, कारण घामाने भिजलेल्या लंगोटालाही वजन असतं. वजन बहुतेक शाळेच्या व्हरांड्यात व्हायचं — जाणारे-येणारे असायचे. म्हणून आमच्याकडे एक रीत होती. ज्याचं वजन, त्याच्या जोडीदाराने मागे उभं राहून टॉवेल धरायचा. काट्याला अगदी चिकटून, दोन्ही हात पसरून, टॉवेल जमिनीपर्यंत सोडलेला. जोडीदार म्हणजे बहुतेक वेळा राखीवच. म्हणजे बघा — ज्याला तुमची जागा हवी असते, त्याच्याच हातात तुमची लाज. आम्हाला तेव्हा त्यात काही वावगं वाटायचं नाही. फर्नांडिस सर म्हणायचे, टॉवेल धरणारा भाऊ असतो.

त्या वर्षी पुण्यात निमंत्रितांची मोठी स्पर्धा होती. देशभरातले येणार होते. मुरुगन येणार होता. आणि प्रत्येक वजनगटात पुण्याचा एकच. फ्लायवेटला सुदाम होता, मी राखीव. नोकरी देणाऱ्या कंपन्यांचे, बँकांचे लोक बघायला येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी म्हणजे त्या काळी काय होतं, हे आज हिंजवडीत बसणाऱ्या माझ्या मुलाला मी कितीही समजावलं तरी कळत नाही. सुदामच्या घरी कुणालाच पगाराची नोकरी नव्हती. माझ्या घरी होती. तरीही मला ती हवी होती — नोकरी नव्हे हो, ती जागा. मला एकदा तरी त्या रिंगमध्ये उतरायचं होतं, सगळ्यांसमोर, दुसऱ्याचा टॉवेल न धरता.

वजनाच्या सकाळी सुदाम काट्यावर चढला. मी मागे उभा होतो, टॉवेल धरून. माझ्या उजव्या पायाचा अंगठा लोखंडी पाटावर टेकला.

कित्येक वर्षं मी स्वतःला हे असंच सांगत आलो — ‘टेकला’. आपोआप. गर्दी होती, मी पुढे झुकलो होतो, पाय सरकला. पण पाय असा सरकतो का? आणि सरकलाच, तर तिथेच थांबून राहतो का?

नाही. टेकला नाही. टेकवला.

आणि तेही ऐनवेळी नव्हे. दोन दिवस आधी आमच्या रेशनच्या दुकानात मी रांगेत उभा होतो. दुकानदार पोतं काट्यावर ठेवत होता. मी सहज पाय पुढे केला, आणि दांडी हलली. दुकानदार माझ्यावर खेकसला. मी पाय मागे घेतला. पण डोक्यात ते राहिलं ते राहिलंच. घरी आलो, जेवलो, आईशी गप्पा मारल्या, आणि आतून मात्र त्या दांडीकडेच बघत होतो. चप्पल घालून जमणार नाही, अनवाणी जायला हवं, टॉवेल मोठा घ्यायला हवा — हे सगळं मी ठरवलं होतं. वडिलांचा पंचा घेतला, तोच सगळ्यात लांब होता.

दांडी वर टेकली. पंचाने मान हलवली. सुदामला खरंच वाटेना. त्याने आदल्या रात्री हॉलच्या काट्यावर वजन बघितलं होतं, बरोबर भरला होता. त्याने सरांकडे पाहिलं आणि सर पांढरेफटक पडले. मग लाल झाले.

इथेच थांबलो असतो, तर कदाचित आज काही तरी तोंड दाखवायला जागा असती. पण सरांनी मला बाजूला घेतलं. आदल्या दिवशी सुदामवर लक्ष ठेवायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं होतं — काय खातो, काय पितो. त्यांनी विचारलं, काल याने काय खाल्लं? खरं सांग.

सुदामने आदल्या दिवसभरात अर्ध्या लिंबाशिवाय काहीही तोंडात घातलं नव्हतं. मला माहीत होतं. मीच कापून दिलं होतं ते लिंबू.

“बनमस्का खाल्ला, सर,” मी म्हटलं. “कॅम्पात. मी नको म्हणत होतो.”

हे शेवटचं वाक्य बघा. ‘मी नको म्हणत होतो.’ त्याची काही गरज होती का? पण खोटं एकदा सुरू झालं की माणूस त्यात स्वतःचा फोटोही टांगून घेतो.

सुदाम एवढंच म्हणाला, “नाही सर.” एकदाच. सरांनी त्याच्या मुस्काटात मारली. मागे कुणीतरी हलक्या आवाजात बोललं, यांचं खाण्यापिण्याचं असंच असतं. ‘यांचं’ म्हणजे कुणाचं, ते तिथल्या प्रत्येकाला कळलं. मलाही कळलं. सरांनी माझ्यावर का विश्वास ठेवला? मी चष्मा लावायचो, शुद्ध बोलायचो, ‘आपण’ म्हणायचो. दोघांतला एक खोटं बोलतोय म्हटल्यावर तो कोण असणार, हे सगळ्यांचं आधीच ठरलेलं होतं. मी ते ठरवलं नव्हतं. पण ते ठरलेलं आहे हे मला माहीत होतं, आणि मी त्याच्यावरच पाय ठेवून उभा होतो.

मग तो तास. मे महिना होता. सुदामने दोन स्वेटर घातले, वर रेनकोट घातला, आणि मैदानाला चकरा मारू लागला. सर शिव्या देत मागे उभे. मी चिंचेचा डबा घेऊन सावलीत. शेवटी शेवटी त्याच्या तोंडाला थुंकीही सुटेना. जीभ बाहेर काढून हाताने पुसायचा. एकदा माझ्यासमोरून जाताना त्याने डबा मागितला, मी दिला, त्याने त्यात बघितलं आणि तसाच परत केला.

आता सांगून टाकलं असतं तर? त्या तासाभरात मला कितीदा तरी तसं वाटलं — आणि प्रत्येक वेळी मी शेपूट घातली. माझा हिशेब साधा होता. तो कमी भरायचा नाही, मी परत पाय टेकवीन, तो बाद होईल आणि दुपारी मी खेळेन. पण तास संपला, सुदाम परत काट्यावर चढला, आणि मला पाय पुढे करवेना. पश्चात्ताप वगैरे समजू नका. सर या वेळी माझ्या शेजारी येऊन उभे होते, म्हणून. मी भ्यालो.

दांडी खाडकन खाली पडली. पंच हसायलाच लागला, म्हणाला अरे, हा तर पार वाळूनच गेला. सर म्हणाले, म्हणजे हरामखोराने केवढं खाल्लं होतं बघा.

सुदाम हसला नाही. दांडीकडे बघत राहिला. मग त्याने मान खाली घातली आणि मागे, जमिनीकडे पाहिलं. माझे पाय आता काट्यापासून चांगले हातभर लांब होते. तो त्या पायांकडे बघत होता. माझ्या चेहऱ्याकडे त्याने पाहिलंच नाही. मग माझ्या हातातला पंचा घेतला, कमरेला गुंडाळला आणि खाली उतरला.

दुपारी मुरुगनशी लढत झाली. पहिली फेरी — मी आयुष्यात तसं बॉक्सिंग पुन्हा पाहिलं नाही. तसल्या अंगाने, तसल्या घशाने तो मुरुगनला नुसता हवेत ठोसे मारायला लावत होता. जाणकार लोक उठून उभे राहिले होते. दुसऱ्या फेरीत पाय जड झाले. तिसऱ्या फेरीत पाय उरलेच नाहीत. तो एका जागी उभा राहून मार खात होता, पडत मात्र नव्हता. शेवटची घंटा वाजली तेव्हा मुरुगननेच त्याला धरून कोपऱ्यात आणलं. पाणी दिलं ते उलटून पडलं. त्याला कॅम्पातल्या दवाखान्यात नेलं, आणि तिथे त्याला काही दिवस ठेवून घेतलं. मूत्रपिंडाला सूज आली होती.

सर भेटायला गेले नाहीत. ज्याचा स्वतःच्या तोंडावर ताबा नाही त्याला मी खेळवणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. पुढच्या वर्षी पुण्याचा फ्लायवेट मी होतो. बरा खेळलो, वाईट नाही. बँकेत लागलो. निवृत्त झालो तेव्हा मॅनेजर होतो, शाल मिळाली, नारळ मिळाला. सुदामने रिक्षा चालवली.

पण मला त्या पुढच्या वर्षाचं सांगायचंय. माझं वजन होतं, आणि टॉवेल धरायला सुदाम आला. सरांनी बोलावला नव्हता, स्वतःहून आला. म्हणाला, जोडीदार मीच ना याचा? मी काट्यावर चढलो. मागे वळून पाहिलं तर हा चांगला दोन पावलं मागे उभा, हात सरळ ताणलेले, कमरेत वाकलेला — टॉवेल कसाबसा माझ्यापर्यंत पोचत होता. पोरं हसायला लागली. पंच म्हणाला, जवळ ये की, तो काय चावतोय? सुदाम म्हणाला, नाही साहेब, इथनंच बरंय. आणि पाय जरासुद्धा हलवले नाहीत. त्याच्या पायांची दहाही बोटं सगळ्यांना दिसत होती.

त्याला कळलं होतं. पहिल्या दिवसापासून कळलं होतं. आणि तो कुणाला सांगणार नव्हता. त्याला फक्त मला सांगायचं होतं, आणि ते त्याने सांगून झालं होतं.

यानंतर आमची मैत्री टिकली, हे तुम्हाला पटेल? पन्नास वर्षं टिकली. तो माझ्या लग्नाला आला, मी त्याच्या मुलीच्या बारशाला गेलो. कुणाशी ओळख करून देताना तो नेहमी म्हणायचा, हा दिगू, माझा टॉवेलवाला. लोक हसायचे. मीही हसायचो. हसण्यावाचून काय करणार? तो मात्र माझ्याकडे बघत असायचा, शांतपणे.

आणि मी काय केलं या पन्नास वर्षांत? बनमस्क्याची गोष्ट सांगितली. बँकेच्या सहलीत, मुलाच्या मित्रांना, जुन्या खेळाडूंच्या गेट-टुगेदरला. आधी एक बनमस्का होता, पुढे दोन झाले. मग त्यात चहा आला, चहात बुडवणं आलं, गल्ल्यावरच्या इराण्याचं बोलणंही आलं. ‘पुण्याचा सर्वांत मोठा फ्लायवेट एका बनमस्क्याने हरवला’ — हे वाक्य माझं. लोकांना फार आवडायचं. कधी सुदामच्या समोरही सांगितलं. तो ऐकून घ्यायचा. का ऐकून घ्यायचा? मला वाटतं, तो वाट बघत होता. प्रत्येक वेळी, शेवट तरी वेगळा सांगतो का हे बघत होता.

मागच्या वर्षी तो गेला. शोकसभेत मी बोललो, आणि तिथेही, त्याच्या फोटोशेजारी उभं राहून, तीच गोष्ट सांगितली. लोक डोळे पुसता पुसता हसले. मला वाटलं, वा, काय बोललो आपण.

आता गेला रविवार.

सुदाम रिक्षा चालवून संध्याकाळी वस्तीतल्या पोरांना बॉक्सिंग शिकवायचा. एका समाजमंदिराच्या वरच्या मजल्यावर. आता ते त्याची मुलगी सुजाता चालवते. पन्नाशीला आलीय, शाळेत शिकवते, आवाज बापासारखा हळू. तिने फोन केला, काका, जुने फ्लायवेट बघितलेले तुम्हीच राहिलात, पोरांना चार आठवणी सांगा. मी गेलो. रुस्तमचं सांगितलं, थापाचं सांगितलं, मुरुगनचे मिटलेले डोळे उभं राहून करून दाखवले. पोरं-पोरी खूश. मग सुजाताच म्हणाली, काका, बनमस्क्याची सांगा ना.

मी सांगितली. हो, पुन्हा. तोंड आपोआपच सुरू होतं.

गोष्ट संपली तशी सुजाता पोरांकडे वळली. म्हणाली, ऐकलं ना? एका घासाने काय होतं ते. मग मला हसत सांगू लागली, की इथे वजन वाढलं त्या पोराला आम्ही ‘बनमस्का’च म्हणतो. मागे एक पाटी होती, तिच्यावर खडूने लिहिलेलं — या आठवड्याचा बनमस्का, आणि खाली एका मुलीचं नाव. ती मुलगी कोपऱ्यात बसली होती. ओठ सुकलेले. सकाळपासून पाणी प्यायली नव्हती, असं सुजातानेच सांगितलं, जरा कौतुकाने. पुढे म्हणाली, “मी लहान असताना बाबांना विचारायचे, खरंच खाल्लं होतं का हो? ते नुसते हसायचे. मला फार राग यायचा त्यांचा. एवढा मोठा माणूस, आणि एक दिवस तोंड बंद ठेवता आलं नाही.”

हे ती माझ्याशी बोलत होती. तिच्या काकांशी.

मग पोरांची वजनं सुरू झाली. काटा आता डिजिटल आहे, छोटासा, घरात असतो तसला. एक मुलगा चढला, आणि त्याच्या जोडीदाराने मागे टॉवेल धरला — दोन पावलं मागे, हात ताणलेले, कमरेत वाकून. मी बघतच राहिलो. जमिनीवर पिवळ्या ऑइलपेंटची रेघ होती आणि टॉवेल धरणाऱ्याचे पाय रेघेच्या पलीकडे होते. पुढचा आला, त्याचा जोडीदारही तसाच. त्याच्या पुढचा, तोही.

मी सुजाताला विचारलं, हे काय? ती म्हणाली, बाबांची रेघ. त्यांनीच आखली होती. इथे कुणी कपडे काढत नाही, टॉवेलची तशी गरजच नाही आता, पण ते म्हणायचे टॉवेल धरायचा, आणि रेघेच्या मागून धरायचा. फरशी बदलली तेव्हा पुन्हा आखून घेतली. का, ते कधी सांगितलं नाही. तुम्हाला माहीत आहे का, काका?

मी उठलो. पाणी हवंय असं काहीतरी पुटपुटलो आणि जिन्याकडे गेलो. ती मागे आली, तिला वाटलं मला चक्कर येतेय. माझी एक चप्पल सापडत होती, दुसरी सापडत नव्हती. आणि तिथे, एका पायात चप्पल घालून, मी तिला सांगितलं. बनमस्का नव्हता. वजन बरोबर होतं. मी काट्यावर पाय ठेवला होता.

आत पोरांचा गलका चालला होता. मला वाटलं ती ओरडेल, रडेल, मला ढकलूनही देईल. जिना होताच.

“कोणता पाय?” तिने विचारलं.

“उजवा.”

तिने खाली पाहिलं. चप्पल डाव्या पायात होती, उजवा उघडा होता. ती त्या पायाकडे बघत राहिली — बापासारखीच, वर चेहऱ्याकडे न बघता. मग वाकली, शेल्फखाली गेलेली दुसरी चप्पल काढली आणि माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, “घरी जा आता.” शेवटी काका लावलं नाही.

मी जिना उतरू लागलो. वरून तिचा आवाज आला. पोरं शांत झाली. आधी पाटी पुसल्याचा आवाज आला. त्या कोपऱ्यातल्या मुलीला तिने पाणी प्यायला सांगितलं. मग म्हणाली, की ऐका, माझ्या बाबांनी त्या दिवशी काहीही खाल्लं नव्हतं.

एका मुलाने लगेच विचारलं, “मग मॅडम, वजन कसं वाढलं?”

मी जिन्यात थांबलो. आता माझं नाव येणार. मी कठड्याला धरून उभा राहिलो. मग ती म्हणाली, चला, ग्लोव्हज घाला.

तिनेही नाव घेतलं नाही. पन्नास वर्षं त्याने घेतलं नाही, आणि आता तिने. मला परत वर जाता आलं असतं. पायऱ्या अशा किती होत्या? वर जाऊन त्या पोराला उत्तर देता आलं असतं. मी खाली उतरलो, रिक्षा केली आणि घरी आलो.

म्हणून इथे लिहितो. त्या मुलाने जे विचारलं, त्याचं उत्तर असं आहे. वजन वाढलं नव्हतं. सुदाम ओव्हाळ उपाशी होता, आणि बरोबर भरला होता. मागे टॉवेल धरून दिगंबर पाळंदे उभा होता. पाय त्याचा होता — माझा.